३२ जीबी रॅम नसेल तर कोडिंग करूच नये का?

गोदाकाठ: परवा इथेच एकाने ठणकावून लिहिलं, "आजच्या घडीला ३२ जीबीच्या खालचा लॅपटॉप घेणारा डेव्हलपर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो." खाली वाहव्वांचा पाऊस. डोकं फिरलं, म्हणून हे लांबण. माझ्याकडे शिकायला निफाड-सिन्नरची पोरं येतात. घरच्यांनी कांद्याच्या पैशातून घेऊन दिलेला ८ जीबीचा लॅपटॉप. त्यावर लिनक्स, पायथन, पोस्टग्रेस सगळं सुखाने चालतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस डेटा हाताशी ठेवायला जी रॅम धरतो, तो शेअर्ड बफर मुळात १२८ एमबीचा असतो हो! असली पोस्ट वाचून पोरं हिरमुसतात आणि बाप पुन्हा हप्ते बघायला लागतो.

अँड्रॉइडवाली: दादा, फोनची अॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ उघडा, एम्युलेटर म्हणजे लॅपटॉपवरचा नकली फोन लावा, प्रोजेक्ट सिंक करा, मग बोला. एम्युलेटर धरून गूगलच किमान १६ सांगतं. अॅप बांधणाऱ्या ग्रेडलचा डीमन, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्राम, वेगळा, कोटलिन भाषेचा वेगळा. काम संपलं तरी ग्रेडलवाला तीन तास ठाण मांडून बसतो. माझ्या पहिल्या नोकरीत ८ जीबीवर बिल्ड लावून सगळे चहाला जायचे, परत आलं तरी माउस हलत नसायचा.

गोदाकाठ: खरा फोन यूएसबीला लावा की. एम्युलेटर हवाच कशाला?

अँड्रॉइडवाली: वेगवेगळ्या स्क्रीनचे आणि व्हर्जनचे फोन तुम्ही आणून देणार का?

फेज_थ्री_पीडित: रॅमचं सोडा हो. माझ्याकडे कंपनीचा १६ जीबीचा आहे, कागदावर. सकाळी टास्क मॅनेजर उघडला तर अँटिव्हायरस, व्हीपीएन, डेटा चोरी पकडणारा एजंट आणि त्या एजंटवर नजर ठेवणारा आणखी एक एजंट. जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस आणायला एनपीएम इन्स्टॉल मारलं की ती जिथे उतरतात त्या नोड मॉड्यूल्स फोल्डरमधली एकूणएक फाइल स्कॅन. ६४ जीबी घाला, काय फरक पडणार? तो फोल्डर स्कॅनमधून वगळा म्हणून तिकीट टाकलं, तर म्हणे मॅनेजरचं अप्रूव्हल आणा. मॅनेजरकडे ३२ जीबी आहे. त्यावर तो एक्सेल उघडतो.

तिकीट_बंद: मी सपोर्टलाच आहे, म्हणून बोलतो. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग ही एनपीएमची पॅकेजेस हॅक झाली होती, आठवतंय? आणि साहेबांना नेमका तोच फोल्डर वगळून हवाय. काही घुसलं तर मेमो आम्हाला, तुम्हाला नाही.

फेज_थ्री_पीडित: ते मालवेअर ब्राउझरमध्ये क्रिप्टोचे पत्ते बदलायचं. तुमच्या स्कॅनरने त्या दिवशी काय दिवे लावले ते सांगा आधी.

तिकीट_बंद: दिवे लावायला क्रोमच्या शंभर टॅब बंद करा, मग बघू.

पेंग्विन_पुणे: भांडा. तोवर कामाचं सांगतो. विंडोजवर डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, काही न सांगता अर्धी रॅम स्वतःची मर्यादा धरून बसतं. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये मेमरी ४ जीबी लिहा, डब्ल्यूएसएल बंद करून पुन्हा चालू करा. आणि लिनक्सवर "फ्री"चा आकडा बघून घाबरू नका, "अव्हेलेबल" बघा. कॅश म्हणजे मोकळी रॅम लिनक्सने वेगासाठी तात्पुरती वापरलेली, गळती नव्हे.

सोल्डर_विरोधी: खरे गुन्हेगार रॅम बोर्डावर चिकटवणारे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अॅपल सांगत होतं की आमचे ८ म्हणजे इतरांचे १६. ऑक्टोबर २०२४ मध्ये निमूटपणे नव्या मॅकना कमीत कमी १६. एवढंच पुरत होतं तर वाढवलं कशाला?

गोदाकाठ: हे मात्र बरोबर. म्हणून मी पोरांना रिकामा स्लॉट असलेलाच घ्यायला लावतो, पुढे वाढवता येते.

अँड्रॉइडवाली: वाढवा! एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी पळवलीय, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या आपल्या ब्रँडचा ग्राहक धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाव बघितलेत का? बरं, शिकायला ८ पुरते, मान्य. तुमच्या पोरांनी अँड्रॉइडकडे फिरकू नये, एवढीच अट.

गोदाकाठ: आभारी आहे, फार मोठं मन तुमचं. मीही मान्य करतो, एम्युलेटरवाल्यांना १६ लागते. ३२ नाही.

तिकीट_बंद: ते फेज थ्रीवाले, तिकीट नंबर टाका. बघतो. शब्द देत नाही.

फेज_थ्री_पीडित: टाकून काय उपयोग? तुमच्याच कुणा भाऊबंदाने शुक्रवारी संध्याकाळी "रिझॉल्व्ह्ड" करून टाकलंय.