पगार २१,००० च्या वर गेला की आजारी पडायचं नाही?

भोसरीकर
ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना, तिची पगारमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये १५,००० वरून २१,००० झाली आणि तिथेच बसली आहे. पगार त्याच्या वर गेला की माणूस योजनेबाहेर. आता एकाच लाइनवरचे दोघे घ्या. एकाला २०,०००, दुसऱ्याला २३,०००. दोघांनाही टीबी झाला. पहिल्याला ९१ दिवस ७० टक्के आजारभत्ता. दोन वर्षं सलग नोकरी असेल तर त्यापुढे ८० टक्के, कारण टीबी दीर्घ आजारांच्या यादीत आहे. वैद्यकीय बोर्डाने मान्य केलं तर हे दोन वर्षांपर्यंत चालतं. दुसऱ्याला काय? साठलेल्या रजा संपल्या की बिनपगारी.

'मेडिक्लेम आहे ना' म्हणू नका. टीबीचा माणूस सहा महिने घरी गोळ्या खातो. अ‍ॅडमिट नाही, मग क्लेम कसला? लांबलेल्या आजारपणात बिलापेक्षा बुडालेला पगार जड जातो. ही मर्यादा काढून टाका, असं माझं मत आहे.

लेथमास्तर
माझ्याकडे १४ माणसं, बहुतेक २५,००० च्या आसपास. मर्यादा काढली तर मालकाच्या ३.२५ टक्के वर्गणीने माझे महिन्याला अकरा हजारांवर जातात. शिवाय आजारी माणसाच्या मशीनवर बदली माणूस लावावा लागतो तो वेगळाच. आणि माझी पोरं स्वतःच सांगतात, 'शेठ, ईएसआय डिस्पेन्सरीच्या रांगा नको, मेडिक्लेम काढा.' तो मी काढलाय. ज्याला पगाराची काळजी असेल त्याने क्रिटिकल इलनेस पॉलिसी, म्हणजे ठरावीक गंभीर आजार झाला की एकरकमी पैसे देणारा विमा, घ्यावी. प्रत्येक गोष्ट मालकाच्या डोक्यावर कशाला?

भोसरीकर
@लेथमास्तर, त्या पॉलिसीत कॅन्सर, हार्ट अटॅक, किडनी असतं. टीबी सहसा नसतो, सरकलेली मणक्याची चकती नसते. ईएसआयच्या यादीत या दोन्ही आहेत, स्किझोफ्रेनियासुद्धा आहे. आणि लेथवर उभं राहणाऱ्याला आधी काय होणार, मणका की किडनी? तुम्हीच सांगा.

कंत्राटी
तुम्ही दोघं वरच्या मजल्यावर भांडताय. माझ्या भावाचा पगार १६,०००, म्हणजे मर्यादेच्या आतच. पे-स्लिपवर ईएसआयची ०.७५ टक्के कपात दर महिन्याला दिसायची. मणक्याचं ऑपरेशन झाल्यावर कळलं की कंत्राटदाराने वर्गणी भरलीच नव्हती. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी जमा दिसली नाही, की आजारभत्ता अडकतो. पीएफमधून उचल घेऊन घर चालवलं. मर्यादा ५०,००० करा नाहीतर काढून टाका, आमच्यापर्यंत काय पोचणार? आधी कापलेलं भरतात का ते बघा.

भोसरीकर
भरलं नाही ही चोरीच. तिच्यासाठी फौजदारी करा. पण चोरी होते म्हणून तिजोरीच नको, हे पटत नाही.

स्टुटगार्टची सून
इकडे जर्मनीत पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. मग आरोग्य विमा कंपनीकडून ढोबळ पगाराच्या ७० टक्के, एकाच आजारासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत. पगार जास्त म्हणून कोणा नोकरदाराला आपोआप बाहेर काढत नाहीत. लेथमास्तरांसाठी खास: ज्यांच्याकडे ३० पर्यंतच माणसं आहेत अशा मालकांसाठी वेगळा निधी आहे. आजारी कामगाराला दिलेल्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग त्यातून परत मिळतो.

लेथमास्तर
हे आधी सांगायचं! असा निधी इथे काढा, मी पहिला सही करतो. पण परतावा म्हटलं की मला माझा जीएसटीचा अडकलेला रिफंड आठवतो. आधी पैसे भरा, मग फाइल घेऊन फिरा.

हिशोबनीस
मी पगारपत्रकं करते. मार्चअखेरीला दरवर्षी दोन-चार जण येऊन सांगतात, 'मॅडम, माझी वाढ २०,९०० वर थांबवा.' ज्याच्या घरात कोणाचं ईएसआयवर डायलिसिस चालू आहे, तो पाचशे रुपये वाढीसाठी ईएसआय सोडेल कशाला? हे कामगारांचं हट्टीपण नाही, हिशोब आहे. तोवर एवढं लक्षात ठेवा: वर्गणी-काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. वाढ १ एप्रिलपासून लागली तर लगेच बाहेर, मे पासून लागली तर ३० सप्टेंबरपर्यंत आत. ओव्हरटाइम मर्यादेत धरत नाहीत, वर्गणी मात्र त्यावरही कापतात.

कंत्राटी
मॅडम, भरलेली वर्गणी आयपी नंबर (विमाधारकाचा क्रमांक) टाकून मोबाइलवर दिसते का? भावाला आता दर महिन्याला बघायला सांगतो.

हिशोबनीस
दिसते. ईएसआयच्या साइटवर विमाधारकाचं लॉगिन आहे, त्यात महिन्यावार येतं. महिना कोरा दिसला तर त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या, आजारी पडेपर्यंत थांबू नका.