मदत हवी आहे: वीज गेली की सेट-टॉप बॉक्सवरचा व्हीपीएन मुका होतो

नमस्कार मंडळी,

टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर वायरगार्ड बसवलंय, म्हणजे व्हीपीएनचं (सगळं इंटरनेट एका सर्व्हरमार्गे गुप्तपणे नेणारं) सॉफ्टवेअर. बॉक्स अँड्रॉइडचा नाही, साध्या लिनक्सचा आहे, त्यामुळे अ‍ॅप टाकलं आणि बटण दाबलं इतका सोपा मामला नव्हता. कॉन्फिगरेशनची फाइल पेन ड्राइव्हवरून चढवली आणि बॉक्स सुरू होताच व्हीपीएन आपोआप उभा राहील अशी स्क्रिप्ट लावली. पलीकडचा सर्व्हर माझाच आहे, भाड्याच्या मशीनवर. सगळं त्यातूनच जावं म्हणून 'अलाउड आयपीज'मध्ये (कुठले पत्ते व्हीपीएनमधून न्यायचे ती यादी) ०.०.०.०/०, म्हणजे सगळेच पत्ते, दिलंय.

चालतं तेव्हा झकास चालतं. रिमोटने स्टँडबायला टाकून परत सुरू केला तरी काही बिघडत नाही. पण भिंतीवरचं बटण बंद केलं किंवा वीज गेली, की त्यानंतर व्हीपीएन नुसता दिसायला उभा. काहीच उघडत नाही. 'डब्ल्यूजी शो' (वायरगार्डची स्थिती दाखवणारी आज्ञा) दिलं तर पाठवलेले बाइट वाढताना दिसतात, आलेले शून्य. 'लेटेस्ट हँडशेक' (दोन्ही टोकांनी एकमेकांना शेवटचं कधी ओळखलं) ही ओळच येत नाही. एरर म्हणावी तर तीही नाही.

डोकं चक्रावतं ते इथे: सर्व्हरवरचं वायरगार्ड रीस्टार्ट केलं की बॉक्स त्याच क्षणी जोडला जातो! आणि बॉक्स अडकलेला असतो तेव्हाही फोन त्याच सर्व्हरवर मजेत चालू असतो.

एंडपॉइंटला (सर्व्हरच्या पत्त्याच्या जागी) नाव नाही, थेट आयपी पत्ता दिलाय, म्हणजे डीएनएसचा (नावावरून पत्ता शोधण्याचा) संशय नको. पोर्ट ५१८२०, यूडीपी, उघडा आहे. राउटर माझ्या ताब्यात नाही, त्यामुळे 'व्हीपीएन राउटरवरच टाका' हा सल्ला कृपया देऊ नका.

प्रतिसाद:
एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२० असेल तर १२८० करून बघा. जोडलेलं दिसतं पण पानं उघडत नाहीत, हे एमटीयूचंच लक्षण.

प्रतिसाद:
वरच्यांशी असहमत. एमटीयूची भानगड असती तर हँडशेक झाला असता आणि मोठी पॅकेट अडली असती. इथे हँडशेकच होत नाहीये. फोन आणि बॉक्स दोघांना एकच 'की' (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) दिलेली नाही ना? तसं असलं की दोघं एकमेकांचं कनेक्शन ओढून घेतात.

धागाकर्ता:
नाही, की वेगळ्या आहेत आणि आयपी पत्तेही वेगळे. १२८० करून पाहिलं, ढिम्म फरक नाही.

प्रतिसाद:
वीज गेल्यानंतर, व्हीपीएन अडकलेला असताना, बॉक्सवर 'डेट' ही आज्ञा द्या आणि काय येतं ते इथे टाका. मला नव्वद टक्के खात्री आहे.

धागाकर्ता:
१ जानेवारी १९७०, बारा वाजून काही मिनिटं. पण टीव्ही बघायला घड्याळ कशाला लागतं?

प्रतिसाद:
टीव्हीला नाही, वायरगार्डला लागतं. बहुतेक स्वस्त बॉक्समध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज तुटली की ते १९७० वर किंवा फर्मवेअर बनलं त्या तारखेवर जातं, मग इंटरनेटवरून वेळ विचारून घेतं. स्टँडबायमध्ये वीज चालूच असते, म्हणून तेव्हा त्रास नाही.

आता वायरगार्डचं बघा. हँडशेकच्या पहिल्या पॅकेटमध्ये बॉक्स स्वतःची वेळ घालून पाठवतो. सर्व्हर प्रत्येक कीसाठी सर्वांत अलीकडची वेळ लक्षात ठेवतो आणि त्याहून जुनी वेळ आली तर पॅकेट फेकून देतो, कारण कुणीतरी जुनं पॅकेट पकडून पुन्हा पाठवत असेल ही शक्यता असते. नाकारलं असं कळवतही नाही. नको त्या पॅकेटला उत्तरच द्यायचं नाही, ही वायरगार्डची रीतच आहे. म्हणून तुम्हाला एरर दिसली नाही. सर्व्हर रीस्टार्ट केला की तो ती नोंद विसरतो आणि १९७० सुद्धा चालवून घेतो. फोनची की वेगळी, नोंद वेगळी, त्यामुळे त्याला झळ नाही.

त्यात आणखी पेच असा, की तुम्ही ०.०.०.०/० दिलंय. म्हणजे वेळ विचारायला निघालेलं पॅकेटही व्हीपीएनच्या त्याच बंद बोगद्यात शिरतं. वेळ मिळाल्याशिवाय व्हीपीएन नाही आणि व्हीपीएनशिवाय वेळ नाही.

प्रतिसाद:
अच्छा, म्हणून! माझ्याकडे ओपनव्हीपीएन आहे, तिथेही घड्याळ मागे गेलं की अडतं, पण निदान लॉगमध्ये 'सर्टिफिकेट अजून वैध नाही' असं लिहून तरी येतं. धागाकर्त्यांनी बंद होताना वेळ फाइलमध्ये साठवून सुरू होताना परत लावली तर?

प्रतिसाद:
अर्धवट इलाज. अचानक वीज गेली तर साठवायला वेळच मिळत नाही. दर तासाला साठवली तरी ती वेळ शेवटच्या हँडशेकपेक्षा जुनी निघू शकते, कारण वापर चालू असताना दर दोनेक मिनिटांनी नवा हँडशेक होत असतो.

सरळ उपाय: स्क्रिप्टमध्ये व्हीपीएन उभा करण्याआधी वेळ घ्या. साल १९७० आहे तोवर थांबा, बदललं की पुढे जा. सुरुवातीचे काही सेकंद बॉक्स व्हीपीएनशिवाय बाहेर बोलेल. ते चालत नसेल तर फक्त टाइम सर्व्हरच्या पत्त्यासाठी राउटरकडे जाणारा वेगळा रूट टाका आणि बाकी सगळं अडवून ठेवा.

धागाकर्ता:
पहिला उपाय लावला. मुद्दाम भिंतीवरचं बटण बंद करून परत सुरू केलं, हँडशेक झाला! मनापासून आभार. पण मला ते काही सेकंदही उघडे नको आहेत, तेव्हा आता दुसरा लावतो. त्यात टाइम सर्व्हरचं नाव दिलं तर चालेल, की आकड्यातला पत्ताच हवा?

प्रतिसाद:
आकड्यातलाच द्या. नाव दिलंत तर ते शोधायला डीएनएस लागेल, आणि तेही त्याच बोगद्यात अडकेल. दोन-तीन पत्ते देऊन ठेवा, एखादा कधी बदलला तरी बॉक्स अडून बसायला नको.