डिसेंबरअखेर नवेगावबांधकडे कॉटेज: कुठे राहावे, काय टाळावे?

मूळ प्रश्न (प्रतापनगर, नागपूर)

नमस्कार. हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त आटोपला की यजमानांना चार दिवसांची रजा मिळेल असे दिसते. त्या रजेत भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या मुलखात एखाद्या कॉटेजमध्ये राहावे असे मनात आहे. आम्ही एकूण पाच जण आहोत: आम्ही दोघे, दहा आणि सहा वर्षांची मुले, आणि सासूबाई. सासूबाईंचे वय बहात्तर असून गुडघे साथ देत नाहीत. मात्र त्यांचे माहेर साकोलीकडचे, त्यामुळे सर्वांत जास्त उत्सुकता त्यांनाच आहे. पहिली रात्र खिंडसी, दुसरी नागझिरा, तिसरी नवेगावबांध आणि चौथ्या दिवशी इटियाडोह धरण पाहून परत, असा बेत मी कागदावर आखला आहे. गाडी स्वतःची आहे. सकाळी ओसरीत चहा घेताना समोर पाणी दिसावे, एवढी एकच माझी हौस आहे. जाणकारांनी हा बेत तपासून द्यावा.

प्रतिसाद (मानेवाडा, नागपूर)

बेतातून खिंडसी आधी काढून टाका. खिंडसी रामटेकजवळ, म्हणजे नागपूरच्या उत्तरेला जबलपूर रस्त्यावर. आपल्याला जायचे आहे पूर्वेला, भंडारा-साकोलीच्या रस्त्याने. रामटेक हे नागपूरकरांचे एका दिवसाचे काम आहे, ते एखाद्या रविवारी होईल. चार दिवसांत तीन ठिकाणी मुक्काम केले तर मुलांना तलावांपेक्षा गाडीची डिकीच जास्त आठवणीत राहील.

प्रतिसाद (धरमपेठ, नागपूर)

आमचा अनुभव सांगतो, म्हणजे आपण तरी सावध राहाल. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही याच भागात ‘तलावासमोरचे’ म्हणून एक कॉटेज आगाऊ पैसे भरून घेतले होते. छायाचित्रात पाणी पायरीला लागलेले दिसत होते. प्रत्यक्षात पायरीपुढे भेगाळलेला चिखल, त्यावर चरणाऱ्या म्हशी, आणि पाणी दूर कुठेतरी चकाकणारे. व्यवस्थापकाला विचारले तर तो शांतपणे म्हणाला, “साहेब, फोटो दिवाळीतला आहे.” खोटे तो काहीच बोलला नव्हता, हेच जास्त लागले.

प्रतिसाद (मूळचा अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला, सध्या नागपूर)

धरमपेठच्या सदस्यांना जे दिसले त्यात नवल नाही, आणि कॉटेज ठरवण्याआधी त्यामागचे कारण समजून घेतलेले बरे. आमच्याकडचे तलाव पर्यटनासाठी झालेले नाहीत. ते धानासाठी बांधलेले आहेत. दोन टेकड्यांमधल्या उतारावर मातीची पाळ घालायची, पावसाचे पाणी अडवायचे, जास्तीचे सांडव्यावरून सोडायचे आणि पाऊस दगा देऊ लागला की नहरांनी खालच्या धानाच्या बांध्यांना द्यायचे, ही त्यांची रीत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने या कामात हातखंडा मिळवला. नवेगावचा बांधही कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे परंपरा सांगते. पुढे हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ते सरकारजमा झाले, म्हणून कागदोपत्री ते ‘माजी मालगुजारी’ आणि बोलण्यात ‘मामा तलाव’. नागपूरची पाहुणे मंडळी हे नाव ऐकून कोणाचे मामा असे हमखास विचारतात.

म्हणजे पाण्याची पातळी शेतीच्या गरजेप्रमाणे हलते. पावसाळ्याअखेर तलाव भरलेला असतो, डिसेंबरातही पाणी चांगले असते. पुढे सिंचन आणि ऊन मिळून ते ओसरत जाते आणि उघड्या पडलेल्या गाळावर काही ठिकाणी गाळपेरही होते. त्यातच अनेक लहान तलावांच्या काठाने बेशरमीची झुडपे इतकी माजली आहेत की ओसरीत बसून पाणी दिसण्याऐवजी फक्त त्यांची जांभळट फुले दिसतात. म्हणून खोली ठरवताना दूरध्वनीवर दोन प्रश्न विचारावेत: आज पाणी खोलीपासून किती पावलांवर आहे, आणि मधे काय आहे. आजचेच छायाचित्र मागवावे. ते पाठवायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे जाऊ नये.

आपला महिना मात्र उत्तम आहे. नवेगावबांधचा तलाव सुमारे ११ चौरस किलोमीटरचा, भोवती डोंगर, त्यामुळे उन्हाळ्यातही तो इतर तलावांसारखा केविलवाणा होत नाही. डिसेंबरात तर पट्टकादंब पक्षी हिमालय ओलांडून आलेले असतात, तलवार बदकांचे थवे असतात, आणि सकाळचे धुके उठेपर्यंत ते नुसते ऐकूच येतात. नागपूरहून हे ठिकाण सुमारे १४० किलोमीटर आहे. भंडारा, लाखनी, साकोली करत महामार्गाने कोहमारापर्यंत जायचे आणि तिथे उजवीकडे वळायचे. थांबे धरून तीन-साडेतीन तास लागतात.

माझे मत असे की तिन्ही रात्री नवेगावबांधलाच काढाव्यात. इटियाडोहचे धरण गाढवी नदीवर आहे, ते तिथून अर्ध्या दिवसात पाहून येता येते, आणि त्याच बाजूला गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, तीही मुलांना दाखवावी. धानाच्या गंज्यांमधून जाता जाता एकदम प्रार्थनेच्या रंगीत पताका दिसतात, तेव्हा मोठी माणसेही गप्प होतात.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. ‘किती पावलांवर’ हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे. आता दोन शंका. नागझिरा पूर्ण वगळावे का? मुलांना वाघाचे आमिष मीच दाखवून बसले आहे. आणि सासूबाईंची तब्येत मधेच बिघडली तर काय?

प्रतिसाद (सक्करदरा, नागपूर; पक्षीनिरीक्षणासाठी दरवर्षी जाणारी)

नागझिरा वगळू नका, पण तिथला मुक्काम वगळा. नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३ पासून दोन्ही एकाच व्याघ्र प्रकल्पात आली आहेत. पण दोहोंमध्ये गावे, शेते आणि महामार्ग आहे, त्यामुळे नकाशावर जेवढी जवळ वाटतात तेवढी ती गाडीने जवळ नाहीत. नवेगावबांधहून नागझिऱ्याच्या पिटेझरी फाटकावर पहाटेच्या जंगलफेरीसाठी पोचायचे म्हणजे अंधारातच निघावे लागते. त्यापेक्षा येताना किंवा जाताना, साकोली वाटेतच असल्यामुळे, दुपारची फेरी धरावी. फेरीची नोंदणी वनखात्याच्या संकेतस्थळावर आधी करावी, आठवड्यातून एक दिवस जंगल बंद असते तो वार पाहून घ्यावा, आणि सर्वांची ओळखपत्रे जवळ ठेवावीत. सासूबाईंना उघड्या जिप्सीत दोन-तीन तास बसवू नये. कच्च्या रस्त्याचे धक्के गुडघ्यांपेक्षा कमरेला जास्त लागतात. त्यांच्याजवळ कोणी एकाने थांबावे.

वाघाचे आमिष हळूच सारसाकडे वळवता आले तर पाहा. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. परसवाडा, झालिया या गोंदियाकडच्या तलावांवर हिवाळ्यात जोडी दिसण्याची चांगली शक्यता असते. माणसाएवढा उंच पक्षी शेतात उभा पाहिल्यावर सहा वर्षांचे मूल वाघाची आठवण काढत नाही, निदान त्या दिवशी तरी. मात्र हा फेरा उलट दिशेचा आहे, एक पूर्ण दिवस जातो, आणि शेतात उतरून पक्ष्याच्या मागे जायचे नाही.

प्रतिसाद (मूळचा अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला)

प्रकृतीविषयी: साकोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नेहमीची औषधे मात्र नागपूरहूनच दोन दिवस जास्तीची आणावीत. खोली तळमजल्याची, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय असलेली आणि गरम पाण्याची सोय असलेली मागावी. तिथली थंडी नागपूरपेक्षा बोचरी असते, कारण पाणी आणि जंगल दोन्ही अंगावर येतात. अंधार पडल्यावर पाळीवर फिरायला जाऊ नये. अस्वले त्या भागात आहेत, आणि अस्वल वाघापेक्षा जास्त बेभरवशाचे.

जेवणासाठी एवढेच सांगेन की मासे खात असाल तर आल्या दिवशीच सांगून ठेवा. ढिवर बांधव सकाळी जाळे काढतात, नंतर मागितले तर शिळे मिळतील. शिंगाडे हंगामात रस्त्याकडेलाच मिळतात, उकडलेले घ्यावेत.

मूळ प्रश्नकर्ती

ठरले. खिंडसी काढले. तिन्ही रात्री नवेगावबांध, परतीच्या दिवशी पिटेझरीची दुपारची फेरी. मी आणि सासूबाई तेवढा वेळ साकोलीत त्यांच्या मावसबहिणीकडे बसू, म्हणजे त्यांचे माहेरपणही होईल. सारसाचा निर्णय तिथे पोचून थंडी पाहून घेऊ. आज दोन ठिकाणी दूरध्वनी केला. पहिल्याने पावलांचा प्रश्न ऐकून “मॅडम, लेक व्ह्यू आहे” एवढेच तीनदा सांगितले. दुसऱ्याने फोन चालू ठेवूनच बाहेर जाऊन पावले मोजली, एकशे दहा भरली, आणि मधे एक चिंचेचे झाड आहे असेही सांगितले. खोली त्याचीच घेतली.