मदत हवी आहे : पद्मिनीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला कोणतं कोटिंग टिकेल?

मंडळी, वडिलांची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणतोय. इंजिनचं काम झालं, घोडं अडलंय बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला तापलेला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या भागावर. गॅरेजवाल्याने मारलेला सिल्व्हर पेंट पोर्टच्या (धूर शिरतो त्या तोंडांच्या) कडेने पापुद्रे येऊन सुटला, खाली तांबूस गंज. पावडर कोटिंग २०० अंशांच्या आसपासच भाजतात आणि मॅनिफोल्ड त्याहून खूप जास्त तापतं, म्हणजे ते बाद. सँडब्लास्टिंग करून (वाळूच्या माऱ्याने गंज काढून) सिरॅमिक कोटिंग करावं, की अ‍ॅल्युमिनियमचा मेटल स्प्रे (वितळवलेल्या धातूचा फवारा)? चकाकी नकोच, जुन्या गाडीला शोभत नाही. बिडाचा मूळ करडा, मॅट रंग हवा. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड एमआयडीसीत एकच नग घेणारं कुणी आहे का? सगळे मोठ्या ऑर्डरचंच बोलतात. स्वतः करून घेतलेल्यांनीच सांगा, ६०० अंशांचा दावा तर प्रत्येक डब्यावर असतो.