हिंदू-कॅथलिक लग्न 'संस्कार' नाही, म्हणजे दुय्यम का?

नंदाखालकर
नात्यातल्या मुलीचं हिंदू मुलाशी चर्चमध्ये लग्न लागलं, बिशपांची रीतसर परवानगी घेऊन. जेवणाच्या पंगतीतच एक काका बोलून गेले, "लग्न झालं, पण संस्कार नाही झाला." मुलाकडच्यांना ते लागलं. मला विचाराल तर लागण्यासारखं त्यात काही नाही. चर्चच्या शिकवणुकीत विवाह हा निर्मितीपासूनच देवाने घातलेला आहे. बाप्तिस्मा झालेल्या दोघांमध्ये तोच संस्कार (सॅक्रामेंट), म्हणजे देवाच्या कृपेचं पवित्र चिन्ह होतो. एकाचा बाप्तिस्मा नसेल तर तो नैसर्गिक विवाह, पण लग्न म्हणून पूर्ण वैध. सप्तपदी घातलेल्या हिंदू जोडप्याचं लग्नही चर्च खरं मानतं. त्या दोघांनी उद्या बाप्तिस्मा घेतला तर पुन्हा लग्न लावत नाहीत, तेच लग्न संस्कार होतं.

चुकार मेंढरू
गोड बोललात. पण मग खरं लग्न सुटतं कसं? बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायाचा आधार घेऊन चर्च सांगतं: बाप्तिस्मा नसलेल्या जोडप्यातल्या एकाने बाप्तिस्मा घेतला आणि दुसरा नांदायला तयार नसेल, तर पहिल्याला नवं लग्न करता येतं आणि ते लागताच जुनं सुटतं. तुमच्या नात्यातल्या मुलीसारखं मिश्र लग्नही पोप सोडवू शकतात. दोन बाप्तिस्मावाल्यांचं, शरीरसंबंधाने पूर्ण झालेलं लग्न मात्र पोपच्याही हातात नाही. आता दुय्यम कोणतं, तुम्हीच सांगा.
आणि माझं ऐका. मी कॅथलिक, बायको हिंदू, लग्न रजिस्टर. चर्चच्या लेखी ते झालेलंच नाही. माझ्या हिंदू मित्राने त्याच कचेरीत हिंदू मुलीशी केलेलं मात्र चालतं!

नंदाखालकर
फरक आहे, नाकारत नाही. पण ती सवड श्रद्धेसाठी आहे, कंटाळा आला म्हणून नाही. सोडून गेलेल्याला आधी विचारावं लागतं, नांदणार का म्हणून.
तुमच्या रजिस्टर लग्नाच्या अडचणीचं मूळ 1563 मध्ये आहे. तेव्हा चोरून लग्नं लागायची आणि पुढे नवरा कानांवर हात ठेवायचा. म्हणून कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदारांची अट घातली. ती कॅथलिकांना बांधते, तुमच्या मित्राला नाही. मिश्र लग्नात बिशप तिच्यातूनही सूट देऊ शकतात. झालेलं लग्नही पुन्हा सोहळा न करता मुळापासून वैध करून मिळतं.

पुण्याची सून
मी त्या 'दुसऱ्या बाजूची', हिंदू. संस्कार झाला की नाही याने माझी झोप उडाली नाही. टोचलं ते मुलांचं. नवऱ्याने वचन दिलं की मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून जमेल ते सगळं करीन. 1970 पूर्वी असंच वचन माझ्याकडूनही घेतलं असतं, आता मला फक्त कळवतात. कळवलं म्हणजे विचारलं नव्हे. तुम्ही दोघं इतकं भांडलात, त्यात हे कुणालाच आठवलं नाही.

कोर्टाची पायरी
चर्चचं वैध वेगळं, सरकारचं वेगळं. हिंदू विवाह कायद्याला वधूवर दोघंही हिंदू लागतात. सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये हिंदू-ख्रिस्ती जोडप्याबाबत हेच सांगितलं. तेव्हा देवळात हार घालून मोकळं होऊ नका. 1954 चा विशेष विवाह कायदा आहे, नाहीतर 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा. उलटही तसंच: चर्चच्या न्यायालयाने लग्न रद्द ठरवलं म्हणजे घटस्फोट झाला असं नाही. 1996 च्या मॉली जोसेफ खटल्यात ते स्पष्ट झालं, 2017 मध्ये पुन्हा. त्या कागदावर दुसरं लग्न कराल तर तो द्विविवाहाचा गुन्हा ठरेल. (गोव्याचं कायद्याचं प्रकरण निराळं, ते इथे काढू नका.)

चुकार मेंढरू
@कोर्टाची पायरी, म्हणजे सरकारदरबारी मी ठीक आहे. आभार.
@पुण्याची सून, आमच्याकडे मुलांचा निर्णय मुलांवर सोडलाय, त्यावरून आई अजून बोलत नाही.
@नंदाखालकर, लग्न दोघांच्या होकाराने होतं, हे तुमचंच धर्मशास्त्र. आमचा होकार त्या दिवशीही खरा होता. मग ते वैध करून घ्यायला मी अर्ज कशासाठी करायचा?