मदत हवी आहे: हे माका की एकदांडी?

नमस्कार मंडळी, सोसायटीच्या लॉनमध्ये पावसापासून एक तण इतकं माजलंय की हरळी दिसेनाशी झालीये, फोटो टाकलेत, प्लीज बघून सांगा. आई म्हणते हा माका, तेलात घालू या, पण मला ती दगडी पाला म्हणजे एकदांडी वाटतेय, जी मूळची अमेरिकेतली. पानं समोरासमोर, खरखरीत, कडेला दातेरी, आणि जमिनीवर पसरलेल्या फांदीतून वीतभर लांब केसाळ दांडा निघतो, त्याच्या टोकाला एकच फूल, मध्ये पिवळं, भोवती पाच-सहा फिकट पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. सुकलं की म्हाताऱ्या उडतात. माक्याच्या बियांना असा कापूस नसतो ना? शिवाय माका ओलसर जागी येतो, फूल बारीक पांढरं असतं आणि पान चुरगळलं की रस काळा पडतो, इथे मी चोळून पाहिलं तर हिरवाच राहिला.

गाजर गवत नक्की नाही, त्याची पानं खूप कातरलेली असतात. कुणी खात्रीने सांगेल का? तोवर आईला तेल करू देत नाहीये. आणि एकदांडीच असेल तर फुलं यायच्या आधी मुळासकट उपटणं पुरेल का, फवारणी नकोय, मुलं तिथेच खेळतात.