जीसीएसई इंग्लिश लिटरेचर : तयार निबंध पाठ करून ग्रेड नाइन मिळते का?

स्लाउकरीण

मुलगी यंदा इयर इलेव्हनला, म्हणजे इथे इंग्लंडमध्ये आपल्या दहावीसारखं वर्ष; मेमध्ये जीसीएसईचे पेपर. बोर्ड एक्यूए. पुस्तकं बहुतेक शाळांत असतात तीच : मॅकबेथ, अ ख्रिसमस कॅरल, अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स आणि 'पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट' या संचातल्या १५ कविता.

आमच्या ओळखीच्या मराठी घरांत सध्या एकच प्रकार चाललाय. ट्यूशनवाले प्रत्येक थीमवर एकेक तयार निबंध देतात, 'ग्रेड नाइनचा', म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीचा म्हणून, आणि मुलं तो शब्दन् शब्द घोकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ फिरतायत. आया एकमेकींना विचारतात, "तुझीचं अँबिशन झालं का? गिल्ट झालं का?"

माझं मत : हे सगळं पाण्यात जाणार आहे. पेपरात मॅकबेथचा उतारा छापून येतो आणि तिथून सुरुवात करून नाटकाबद्दल लिहा असं सांगतात. कुठला उतारा येणार हे त्या तयार निबंधाला कुठून कळणार? मग प्रश्न भीतीवर असतो आणि पोरं महत्त्वाकांक्षेवर दोन पानं लिहून येतात, मध्येमध्ये 'फिअर' पेरून. मॉकचे, म्हणजे सराव परीक्षेचे पेपर घरी आले तेव्हा आम्ही मैत्रिणी एकत्र बसलो होतो. तीन मुली, तीन वेगळ्या शाळा, आणि तिघींच्या उत्तराची सुरुवात एकच : शेक्सपिअरच्या काळचा पहिला जेम्स राजा आणि त्याने चेटकिणींवर लिहिलेलं पुस्तक. तो उतारा बँक्वोच्या, म्हणजे मॅकबेथने मारवलेल्या त्याच्या मित्राच्या भुताचा होता. भुताबद्दल एकीनेही धड चार ओळी लिहिल्या नव्हत्या.

तुमचा अनुभव काय?

रेडिंगचे काका

ताई, पूर्ण असहमत. पाठांतराला नावं ठेवायची आता फॅशन झालीय. परीक्षा क्लोज्ड बुक आहे हे विसरू नका. २०१७ पासून नवीन पद्धतीचे पेपर सुरू झाले, तेव्हापासून पुस्तक आत नेता येत नाही. इन्स्पेक्टर कॉल्सला तर उताराही नसतो, नुसता प्रश्न. कवितांमध्ये एक छापून येते आणि दुसरी डोक्यातून काढून तुलना करायची. डोक्यात काही नसेल तर काढणार काय?

आणि एक सांगतो. माझा पुतण्या इयर टेनला पुण्याहून आला. मराठी माध्यमाचा मुलगा, मॅकबेथ म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. त्याला "स्वतःचं मत मांड" असं सांगणं ही चैन झाली. त्याला आधी वाक्यं हवी होती. तयार निबंध पाठ केले, त्यातून वाक्याची ठेवण कळली, आता तो स्वतः लिहितो. आपण मनाचे श्लोक पाठ केले तेव्हा अर्थ कळत होता का? अर्थ मागून आला.

परळकर

आम्ही गाइडवर पास झालो, आता कंपनीत इंग्रजीत भांडतो. चालू द्या.

खडू-फळा

मी इथे सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून थोडं सविस्तर.

मॅकबेथच्या उत्तराला ३० गुण, शिवाय स्पेलिंग-विरामचिन्हांना ४. त्या ३० मधले १२ तुमच्या मुद्द्याला आणि त्यासाठी पुस्तकातून दिलेल्या आधाराला, १२ लेखकाची भाषा-रचना उलगडण्याला, आणि संदर्भाला फक्त ६. म्हणजे जेम्स राजाचा जो परिच्छेद सगळे प्राणपणाने पाठ करतात, तो या ६ गुणांच्या कोपऱ्यात बसतो, आणि तोही मुद्द्याशी जोडला तरच. सुटा चिकटवला तर जवळजवळ काही हाती लागत नाही.

आधार म्हणजे कोटच हवा असंही नाही. नाटकातला प्रसंग नेमका सांगितला तरी तो आधार धरला जातो. भुताचंच घ्या. मॅकबेथ मेजवानीला बसायला जातो तर त्याला सगळ्या जागा भरलेल्या दिसतात, कारण भूत त्याच्याच जागेवर बसलंय. बँक्वोची मुलं राजे होणार ही भविष्यवाणी आठवा आणि मग त्या जागेकडे पाहा. त्याची भीती नुसती मेलेल्या माणसाची नाही, गादी जाण्याची आहे. यात एकही ओळ पाठ लागत नाही. नाटक मनात चालू असावं लागतं.

इन्स्पेक्टर कॉल्समध्येही तेच. सुरुवातीच्या रंगसूचनेत नाटककार प्रीस्टली सांगतो की इन्स्पेक्टर येईपर्यंत प्रकाश गुलाबी, जवळिकीचा असावा आणि तो आल्यावर जास्त उजळ, कठोर व्हावा. या एका सूचनेवर माझ्या वर्गातली पोरं पाऊण तास भांडली : गुलाबी म्हणजे ऊब, की गुलाबी चष्मा? तयार निबंधात हे भांडण नसतं, नुसता निकाल असतो.

पण काकांचा पुतण्याबद्दलचा मुद्दा मला खोडता येत नाही. नव्याने आलेल्या मुलांना वाक्यांचे साचे आम्हीही देतो. फक्त निबंध नाही, वाक्यं.

रेडिंगचे काका

म्हणजे पाठांतर चालतं, फक्त ते शिक्षकांनी दिलेलं असलं पाहिजे! (रागावू नका, गंमत.)

माझा खरा राग परीक्षेवर आहे. गणित आणि फिजिक्सला कोविडनंतर सूत्रांचा कागद देतात, आणि साहित्याला पुस्तक नाही. तेव्हाचे शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी कोर्सवर्क (वर्षभरात करायचं गुणांचं काम) काढलं, पुस्तकं काढली. जुन्या पद्धतीत काही पेपरांना कोरी प्रत आत नेता यायची. एकदा पुस्तक काढून घेतलं की पालक घोकायला लावणारच, त्यांना दोष कशाला?

बारावीतली

मी गेल्या वर्षी दिलीय ही परीक्षा, इथे मराठी टाइप करायला वेळ लागतो म्हणून थोडक्यात. काका, कोट्स पाठ करावे लागतात हे खरंय, पण शंभर नाही. मी छोटे घेतले होते आणि असे, की जे चार-पाच प्रश्नांत चालतील. 'फुल ऑफ स्कॉर्पिअन्स इज माय माइंड' हा भीतीत चालतो, अपराधीपणात चालतो, नवरा-बायकोच्या नात्यातही चालतो, कारण तो हे बायकोलाच सांगतोय आणि तरी बँक्वोला मारायचा बेत तिच्यापासून लपवतोय. लांबलचक कोट पाठ करणाऱ्या मैत्रिणी त्यावर एक वाक्य लिहून पुढे जायच्या.

कवितांचं मात्र मला घोकूनच जमलं. १५ च्या १५. जाता जाता : त्यातल्या 'टिश्यू'च्या कवयित्री इम्तियाज धारकर बरीच वर्षं मुंबईत राहिलेल्या आहेत. आईला हे कळल्यावर तिने ती कविता माझ्याआधी वाचली.

स्लाउकरीण

कोट्सना माझा विरोध नाहीच, काका. विरोध दोन पानी निबंधाला आहे. पुतण्या आता स्वतः लिहितो म्हणालात. म्हणजे त्यानेही ते निबंध सोडलेच ना?

रेडिंगचे काका

सोडले, पण पाठ केल्यावर. न चढता शिडी कशी सोडणार? आमच्या घरी पाठांतर चालूच राहणार.

स्लाउकरीण

ठीक, यावर आपलं जमायचं नाही. खडू-फळा ताई, एक विचारायचं राहिलं. अनसीन, म्हणजे पेपरातच पहिल्यांदा दिसणाऱ्या कवितेची तयारी कशी करून घेऊ? ट्यूशनमध्ये त्याचं नावच काढत नाहीत.

खडू-फळा

काढणार कसे, त्याची पीडीएफ विकता येत नाही! दुसऱ्या पेपरात ९६ पैकी ३२ गुण त्याचेच आहेत. पहिल्या कवितेवरच्या प्रश्नाला २४, मग दुसरी अनोळखी कविता देऊन दोन्हींच्या तुलनेला ८. तो भाग शेवटी असतो आणि सव्वादोन तासांत मुलांकडे तिथपर्यंत वीस मिनिटं उरतात. पाऊण तास राखून ठेवायला सांगा. घरी रोज एक अनोळखी कविता, दहा मिनिटं, पेन हातात न घेता. कोण बोलतंय, कोणाशी, आणि कविता कुठे वळते, एवढंच तिला तोंडी सांगू दे. तुम्हाला स्वतःला कविता कळली नाही तरी चालेल, ऐका फक्त.